रेड क्लाउडने लढाई सोडली होती का?

प्रश्न असा आहे: "ओग्लाला लकोटांचा नेता रेड क्लाउड याने 1866 ते 1868 या काळात अमेरिकी सैन्याला जेरीस आणलं, किल्ले रिकामे करायला लावले. मग तहावर सही करून तो सरकारी शिध्यावर का बसला? सिटिंग बुल आणि क्रेझी हॉर्स पुढेही लढत राहिले. अशा वेळी रेड क्लाउडच्या वागण्याला प्रतिकार म्हणायचं का? आणि त्यातून लकोटांच्या हाती काय लागलं?"

अमेरिकेचा इतिहास एम. ए.च्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि त्यामागची नाराजी मला समजते. लकोटा ही अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातली मूळ जमात; ओग्लाला, ब्रुले, मिनिकोंजू हे तिचे गट, आणि सिटिंग बुल, क्रेझी हॉर्स हेही तिचेच नेते. 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सैन्याचा अधिकारी कस्टर पडला तेव्हा रेड क्लाउड तिथे नव्हता, एजन्सीत, म्हणजे जमातीला शिधा वाटणाऱ्या सरकारी ठाण्यावर होता. पण लढणारे तेवढे खरे आणि बाकीचे शरण गेलेले, अशी वाटणी केली की या माणसाचं निम्म्याहून अधिक आयुष्य आपल्या हातून निसटतं. 1868 नंतर त्याने बंदूक खाली ठेवली हे खरं आहे. जमिनीचा प्रश्न मात्र त्याने पुढची चाळीस वर्षं सोडला नाही. हे पटायला हवं असेल तर आधी तो कशासाठी लढला, सरकारने माघार का घेतली आणि तहात काय लिहिलं होतं, हे तिन्ही नीट बघावं लागतं.

1862-63 मध्ये आजच्या मोंटानात सोनं सापडलं. तिकडे लवकर पोचायचं म्हणून जॉन बोझमन आणि त्याच्या साथीदारांनी 1863 मध्ये नवी वाट आखली. प्लॅट नदीकाठचा जुना रस्ता सोडून ती उत्तरेला वळायची आणि बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याने थेट पावडर नदीच्या खोऱ्यातून जायची. हे खोरं म्हणजे उत्तरेकडच्या बायसनच्या कळपांचं हक्काचं कुरण होतं. अंतर वाचलं ते खाणवाल्यांचं. त्याची किंमत पडणार होती लकोटांच्या पोटावर. प्लॅटच्या काठी काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: गाड्यांच्या रांगांबरोबर आलेल्या बैलांनी गवत खाऊन टाकलं, ओढ्याकाठची झाडं सरपणात गेली, बायसन लांब पळाले आणि पाठोपाठ पटकी आली. 1854 मध्ये एका वाटसरूच्या चुकार गाईवरून भांडण पेटलं. तोफा घेऊन आलेल्या ग्रॅटन नावाच्या तरुण लेफ्टनंटने गोळीबार सुरू केला, त्यात काँकरिंग बेअर हा मुख्य प्राणघातक जखमी झाला आणि ग्रॅटनची सगळी तुकडी कापली गेली. पुढच्याच वर्षी सैन्याने ब्लू वॉटर ओढ्यावरच्या वस्तीवर हल्ला करून सूड घेतला. रस्ता आला की मागोमाग काय काय येतं, हे रेड क्लाउडला कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

इथेच एक अडचणीची गोष्ट सांगतो, कारण ती झाकली तर सगळा इतिहास पोवाड्यासारखा होतो. 1851 च्या फोर्ट लॅरमीच्या तहात पावडर नदीचं हे खोरं क्रो जमातीच्या वाट्याला दाखवलं होतं. पुढच्या काही वर्षांत लकोटांनीच क्रो लोकांना तिथून मागे रेटलं. म्हणून क्रो लोक पुढे सैन्याशी मैत्रीने राहिले, त्यांना खबरा देत राहिले. लकोटा जिंकत-वाढत चाललेली जमात होती आणि रेड क्लाउडचं नाव झालं तेच मुळी क्रो आणि पॉनी या जमातींविरुद्धच्या चढायांमध्ये. तो वंशपरंपरेने मुख्य नव्हता. वडील लहानपणीच गेले, आईच्या माहेरच्या ओग्लाला माणसांत तो वाढला आणि पराक्रमाच्या जोरावर पुढे आला.

जून 1866 मध्ये सरकारने फोर्ट लॅरमीला बोलणी लावली. रस्ता वापरू द्या, मोबदल्यात दरवर्षी माल घ्या, असा प्रस्ताव होता. बोलणी सुरू असतानाच कर्नल हेन्री कॅरिंग्टन सुमारे सातशे सैनिक, अवजारं आणि बायका-मुलं घेऊन तिथे येऊन ठेपला. त्याच रस्त्यावर किल्ले बांधायचा हुकूम त्याच्या खिशात होता. म्हणजे परवानगी मागायची एका तोंडाने आणि कुदळी आणायच्या दुसऱ्या हाताने. लकोटांनी हो किंवा नाही म्हणायच्या आतच गोरा सरदार रस्ता चोरायला निघाला, अशा आशयाचं रेड क्लाउडचं बोलणं नोंदलं गेलं आहे. तो उठून गेला. एजन्सीच्या आसपास राहणाऱ्या काही मुख्यांनी सह्या केल्या. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच केली नाही.

पुढच्या दोन वर्षांना 'रेड क्लाउडचं युद्ध' म्हणतात. नावावरून वाटतं की तो सेनापती होता आणि हुकूम सोडत होता. लकोटांमध्ये तशी फौज नसायची. कोण कोणाबरोबर लढायला जाणार, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मिनिकोंजूंचा हाय बॅकबोन, शायान आणि अरापाहो या मित्र जमातींचे आपापले नेते, असे अनेक जण त्यात होते. रेड क्लाउडचं खरं कसब हे की इतक्या वेगवेगळ्या गटांना त्याने एका मागणीवर दोन वर्षं बांधून ठेवलं: किल्ले हलवा, रस्ता बंद करा. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा ही गोष्ट मोठी. मैदानी जमातींची युती एका मोसमापुरती व्हायची आणि शिकारीचे दिवस आले की विरघळून जायची.

कॅरिंग्टनने जुना फोर्ट रीनो ताब्यात घेतला, त्याच्या पुढे फोर्ट फिल कर्नी बांधला आणि आणखी उत्तरेला, बिगहॉर्न नदीकाठी, फोर्ट सी. एफ. स्मिथ. मधला फिल कर्नी हा मुख्य तळ. जागा गवत आणि पाण्यासाठी चांगली होती, पण इमारती लाकूड आणि सरपण पाच-सहा मैलांवरच्या पाइनच्या जंगलातून आणावं लागायचं. सगळं युद्ध त्या पाच-सहा मैलांवर फिरलं. रोज गाड्यांचा तांडा जंगलाकडे निघायचा, रोज त्याला पहारा द्यावा लागायचा. टेकडीवर निशाणवाले उभे असायचे. तांड्यावर हल्ला झाला की ते झेंडे हलवून किल्ल्याला खबर द्यायचे. लकोटांनी किल्ल्याच्या कुडावर डोकं आपटलं नाही. त्यांनी लाकूड अडवलं, गवत कापणाऱ्यांना गाठलं, घोडे-खेचरं पळवली, टपाल तोडलं. मराठी वाचकाला इथे लगेच गनिमी कावा आठवेल, आणि रसद तोडण्यापुरतं ते बरोबरही आहे.

21 डिसेंबर 1866 ला लाकडाच्या तांड्यावर पुन्हा हल्ला झाला. सोडवायला कॅप्टन विल्यम फेटरमन निघाला. लॉज ट्रेल नावाच्या डोंगरधारेपलीकडे जायचं नाही, असा कॅरिंग्टनचा हुकूम होता. समोर मोजके घोडेस्वार लंगडल्यासारखं करत, थांबत, डिवचत मागे सरत होते. हे आमिष होतं. फेटरमन धार ओलांडून पलीकडे उतरला. तिथे हजाराहून जास्त योद्धे दबा धरून बसले होते. पायदळाच्या हातात ठासणीच्या बंदुका होत्या. एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत धनुष्यातून कितीतरी बाण सुटायचे. फेटरमनसह 81 जण मारले गेले, एकही परतला नाही. त्या दिवशी रेड क्लाउड स्वतः तिथे होता की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्याने फारसा फरक पडत नाही. लढाई त्याच्या एकट्याची नव्हती, मागणी मात्र तीच होती.

दुसऱ्या वर्षी पारडं थोडं फिरलं. 2 ऑगस्ट 1867 ला फिल कर्नीजवळच लाकूडतोड्यांच्या तळावर मोठा हल्ला झाला. कॅप्टन पॉवेल आणि त्याची सुमारे तीस माणसं गाड्यांच्या लाकडी पेट्यांचं गोल कुंपण करून आत बसली होती, आणि त्यांच्याकडे नव्या, मागच्या बाजूने काडतूस भरायच्या रायफली होत्या. बार काढल्यावर भरायला वेळ लागेल तेवढ्यात तुटून पडायचं, हा नेहमीचा हिशेब चुकला. एकामागून एक चढाया परतवल्या गेल्या. आदल्या दिवशी सी. एफ. स्मिथजवळ गवत कापणाऱ्यांवरच्या हल्ल्यातही साधारण हेच घडलं होतं.

मग सरकारने माघार का घेतली? इथे बहुतेक सोप्या पुस्तकांत एका ओळीत उत्तर असतं की लकोटा जिंकले म्हणून. ते अर्धं उत्तर आहे. किल्ले होते, पण रस्त्यावर वाटसरू उरले नव्हते. सैन्य फक्त स्वतःची राखण करत बसलं होतं. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, तिजोरीवर कर्ज, दक्षिणेकडच्या राज्यांत फौजा अडकलेल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, युनियन पॅसिफिक रेल्वे पश्चिमेकडे सरकत होती. नोव्हेंबर 1867 पर्यंत रूळ शायान गावापर्यंत पोचले. रेल्वे युटाला पोचली की मोंटानाचा माल तिथून सरळ उत्तरेला जाणार होता आणि बोझमनच्या रस्त्याची गरजच संपणार होती. जनरल शर्मनला सैनिक हवे होते ते रेल्वेच्या राखणीला. मार्च 1868 मध्ये सरसेनापती ग्रँटने तिन्ही किल्ले सोडायचा हुकूम दिला, तेव्हा हा सगळा हिशेब झालेला होता. लकोटांनी रस्ता इतका महाग केला की सोडून देणं स्वस्त पडलं, आणि सोडून द्यायला सरकारकडे पर्याय तयार होता. पुढच्या वेळी, ब्लॅक हिल्स या लकोटांच्या डोंगरांत सोनं सापडल्यावर, असा पर्याय नव्हता. 1868 आणि 1876 मधला फरक शोधायचा तर तो इथे सापडतो. रेड क्लाउडच्या धैर्याला मोजपट्टी लावून तो कळत नाही.

एप्रिल 1868 मध्ये शांतता आयोगाची माणसं तहाचा मसुदा घेऊन फोर्ट लॅरमीला आली. ब्रुले आणि इतर गटांनी सह्या केल्या. रेड क्लाउड आला नाही. डोंगरातून आम्ही किल्ल्यांकडे बघतो आहोत, सैनिक निघून गेलेले दिसले की येऊ, असा त्याचा निरोप आला. जुलै-ऑगस्टमध्ये सैन्य बाहेर पडलं आणि लकोटा-शायानांनी मागे राहिलेले किल्ले जाळून टाकले. तरीही तो लगेच गेला नाही. हिवाळ्याच्या मांसासाठी आधी बायसनची शिकार केली, मग नोव्हेंबरमध्ये लॅरमीला आला. तिथल्या अधिकाऱ्याने कलमं समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा शेती आणि राखीव प्रदेशाच्या गोष्टींत त्याला रस नव्हता. त्याला बंदुकीची दारू आणि शिसं हवं होतं. शेवटी, 6 नोव्हेंबरला, जमिनीवरची धूळ हातांना चोळून त्याने कागदावर आपली निशाणी केली.

आता तो कागद. वर्गात मी हा तह कलमवार वाचून घेतो, कारण लकोटांचं नंतरचं सगळं भांडण या कागदाशीच आहे. दुसऱ्या कलमात मिसूरी नदीच्या पश्चिमेचा, आजच्या साउथ डकोटाचा जवळजवळ अर्धा भाग लकोटांसाठी राखून ठेवला आहे, ब्लॅक हिल्ससकट. सोळाव्या कलमात पावडर नदीचा प्रदेश 'न सोडलेला प्रदेश' म्हणून मान्य केला आहे. तिथे त्यांच्या परवानगीशिवाय गोऱ्यांनी राहायचं नाही, किल्ले आणि रस्ता बंद. इथपर्यंत रेड क्लाउडने जे मागितलं ते मिळालं. पण अकराव्या कलमात बाहेरच्या मुलखातला शिकारीचा हक्क बायसन पुरेसे आहेत तोवरच, आणि रेल्वेला विरोध करायचा नाही, असं आहे. इतर कलमांत घरं, शाळा, नांगर, कपडे आणि काही वर्षांचा शिधा आहे. शिकारीवर जगणाऱ्या माणसांना शेतकरी करून टाकायचा आराखडाच त्यात दडलेला होता. आणि बारावं कलम: राखीव प्रदेशाचा कुठलाही तुकडा द्यायचा असेल तर प्रौढ पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश जणांच्या सह्या लागतील. हे कलम लक्षात ठेवा.

दुभाष्यांनी यातलं किती सांगितलं? रेड क्लाउडच्या मते फारच थोडं. जून 1870 मध्ये त्याला वॉशिंग्टनला नेण्यात आलं. राष्ट्राध्यक्ष ग्रँटची भेट झाली, गृहमंत्री कॉक्स यांच्यासमोर तहाची कलमं वाचली गेली, तेव्हा तो भडकला. असा तह मी प्रथमच ऐकतो आहे, आम्हाला एवढंच सांगितलं होतं की किल्ले जातील आणि लढाई थांबेल, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. तहाची प्रत पुढे केली तर हा कागद खोटा आहे म्हणून त्याने ती घ्यायला नकार दिला. तिथून तो न्यूयॉर्कला गेला आणि 16 जूनला कूपर युनियनच्या खचाखच भरलेल्या सभागृहात बोलला. आम्हाला वाचता येत नाही, कागदात काय आहे ते आम्हाला खरं सांगितलं गेलं नाही, आम्हाला संपत्ती नको, आमची मुलं नीट वाढवायची आहेत, तुम्हालाही मुलं आहेत, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ते भाषण छापलं. लकोटांची एजन्सी लांब मिसूरीकाठी नेण्याचा सरकारचा बेत होता. या दौऱ्यानंतर तो लांबणीवर पडला आणि 1871 मध्ये एजन्सी लॅरमीजवळ, प्लॅटच्या काठी झाली. तिथेच व्यापार करायचा, असं तो पहिल्यापासून सांगत होता.

या दौऱ्याबद्दल म्हणतात की पूर्वेकडची शहरं आणि शस्त्रागार पाहून तो खचला. गोऱ्यांची संख्या त्याने पाहिली आणि शस्त्रांनी ते हरणार नाहीत हे त्याला कळलं, इतकं मला मान्य आहे. पण त्याने दुसरीही एक गोष्ट पाहिली. या देशात सेनापती, मंत्री, संसद, वर्तमानपत्रं आणि धर्मादाय मंडळी यांचं एकमेकांशी पटत नाही, आणि एकाला दुसऱ्यासमोर उभं करता येतं. पुढची वीस वर्षं तो हेच करत राहिला.

त्याचा सर्वांत चांगला नमुना 1874 सालचा. तोवर एजन्सी नेब्रास्कात व्हाइट नदीवर गेली होती. येल विद्यापीठातले जीवाश्मशास्त्रज्ञ ऑथ्निएल मार्श जवळच्या बॅडलँड्स या उजाड मुलखात हाडं शोधायला आले. लकोटांना वाटलं, हा माणूस सोनं शोधतो आहे. त्यांनी वाट अडवली. शेवटी ठरलं ते असं: मार्शने हाडं खणावीत, पण जाताना आमच्या शिध्याचे नमुने घेऊन जावेत आणि ते राष्ट्राध्यक्षांना दाखवावेत. रेड क्लाउडने त्यांच्या हातात पीठ, साखर, कॉफी, तंबाखू ठेवले. एजन्सीत वाटला जाणारा माल हलका आणि खराब असायचा. ठेकेदार आणि अधिकारी यांच्या खिशात पैसा जायचा, लकोटांच्या पोटात उरलंसुरलं. मार्शने शब्द पाळला. 1875 मध्ये ते नमुने घेऊन ते थेट ग्रँटकडे गेले, वर्तमानपत्रांत प्रकरण पेटवलं, पुस्तिका छापली. चौकशी समिती नेमली गेली. त्याच वर्षी गृहमंत्री कोलंबस डेलानो आणि मूळ जमातींचा कारभार बघणाऱ्या इंडियन खात्याचे आयुक्त एडवर्ड स्मिथ, दोघांनाही पायउतार व्हावं लागलं. एजन्सीचा प्रमुख असलेल्या एजंटाने आरोप केला की रेड क्लाउडने मुद्दाम सगळ्यात वाईट माल उचलून दिला. दिलाही असेल. ज्याचं म्हणणं कोणी ऐकत नाही, त्याने पुरावा म्हणून चांगला माल का द्यावा? वाचता-लिहिता न येणाऱ्या माणसाने मूठभर पिठाच्या जोरावर मंत्र्याला खाली खेचायला मदत केली, आणि पाठ्यपुस्तकात त्यासाठी ओळसुद्धा नसते, याचं मला वाईट वाटतं. मार्श आणि त्याची मैत्री टिकली. 1883 मध्ये रेड क्लाउड त्यांना भेटायला न्यू हेवनला गेला होता.

1874 च्या उन्हाळ्यात कस्टर मोठी तुकडी घेऊन ब्लॅक हिल्समध्ये शिरला आणि सोन्याची बातमी बाहेर आली. तहाप्रमाणे खाणवाल्यांना हाकलायचं काम सैन्याचं होतं. काही काळ त्यांनी ते केल्यासारखं दाखवलं. सप्टेंबर 1875 मध्ये सिनेटर ॲलिसन यांचा आयोग आला: डोंगर 60 लाख डॉलरला विका, नाही तर वर्षाला 4 लाखांच्या भाड्याने द्या. त्या बैठकीतलं रेड क्लाउडचं भाषण मुळातून वाचण्यासारखं आहे. त्याने सात पिढ्यांचा खर्च मागितला. टेक्ससचे बैल, पीठ, कॉफी, चहा, बेकन, तांदूळ, सुकवलेली सफरचंदं, तंबाखू, मीठ, म्हाताऱ्यांसाठी मिरी, प्रत्येक कुटुंबाला गाडी आणि बैलजोडी, अशी यादीच दिली. तुम्हाला वाटेल मी फार मागतो, पण हे डोंगर आभाळापर्यंत पोचतात, कदाचित आभाळाच्याही वर जातात, म्हणून एवढं मागतो, असं तो म्हणाला. यावरून त्याच्यावर टीका होते की त्याने डोंगरांचा सौदा मांडला. लढणाऱ्या गटाला हा सौदाच नको होता आणि त्यांची माणसं बैठक उधळायला आलीही होती. माझं मत असं की त्याने एवढी किंमत सांगितली ती आयोगाला झेपणार नाही हे ओळखूनच. निदान परिणाम तरी तोच झाला. आयोग हात हलवत परत गेला.

मग मात्र सरकारने वाटाघाटींचं नाटक गुंडाळलं. 31 जानेवारी 1876 पर्यंत सगळ्यांनी एजन्सीत हजर व्हावं, नाही तर सैन्य येईल, असा हुकूम ऐन हिवाळ्यात निघाला. त्यातून रोझबड आणि लिटल बिगहॉर्न इथल्या लढाया झाल्या; दुसरीत कस्टर पडला. रेड क्लाउड स्वतः गेला नाही. त्याचा मुलगा जॅक रोझबडला लढला. बापाने हे थांबवायचा फार प्रयत्न केला असेल, असं मला वाटत नाही.

लिटल बिगहॉर्ननंतर ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला: ब्लॅक हिल्स आणि पावडर नदीचा प्रदेश सोडून दिल्याशिवाय शिधा मिळणार नाही. सह्या घ्यायला आयोग आला तेव्हा एजन्सीत हजारो बायका-मुलं होती आणि आसपास शिकार उरली नव्हती. रेड क्लाउडने सही केली. या सहीचं समर्थन मी करत नाही आणि तिला दोषही देत नाही. उपासमार समोर ठेवून घेतलेल्या सहीला संमती म्हणत नाहीत. शिवाय बारावं कलम आठवा. तीन चतुर्थांश सह्या हव्या होत्या. मिळाल्या त्या साधारण दहा टक्के पुरुषांच्या. तरीही 28 फेब्रुवारी 1877 ला कायदा करून डोंगर काढून घेतले गेले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये सैन्याने पहाटे रेड क्लाउडच्या वस्तीला वेढा घालून बंदुका आणि सातशेहून अधिक घोडे हिसकावले, आणि जनरल क्रूकने त्याला पदावरून काढल्याचं जाहीर केलं. तो लढाईत नव्हता, तरी ही वागणूक. शांत बसलेल्या माणसाची सैन्याला एवढी धास्ती वाटली नसती.

क्रेझी हॉर्स मे 1877 मध्ये शरण आला आणि सप्टेंबरमध्ये कोठडीत नेताना मारला गेला. सिटिंग बुल कॅनडात गेला, 1881 मध्ये उपाशी माणसं घेऊन परतला. शेवटी तेही शिध्यावरच आले. बंदुकीने त्यांना हरवलं म्हणण्यापेक्षा बायसन संपल्याने हरवलं म्हणणं खरं. उत्तरेचे कळप 1883 च्या सुमारास जवळजवळ नाहीसे झाले होते. लढत राहणं आणि एजन्सीत राहणं या दोन वाटा वेगळ्या ठिकाणी पोचल्या असत्या, हा आपला आजचा समज आहे.

1878 नंतर रेड क्लाउड आजच्या साउथ डकोटातल्या पाइन रिज एजन्सीला होता. तिथला एजंट मॅकगिलिकडी याने सात वर्षं त्याला मोडून काढायचा प्रयत्न केला: समांतर मुख्य उभे केले, पोलीस दल उभारलं, त्याला पदच्युत केल्याचं जाहीर केलं. रेड क्लाउडने तक्रारी, पत्रं, वॉशिंग्टनच्या फेऱ्या यांचा मारा चालू ठेवला. 1886 मध्ये जावं लागलं ते एजंटाला. 1889 मध्ये क्रूकचा आयोग राखीव प्रदेश तोडून त्याचे तुकडे पाडायला आणि सुमारे 90 लाख एकर मोकळे करायला आला, तेव्हा त्याने विरोध केला आणि सही दिली नाही. दुसरीकडे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंना बोलावून शाळा काढायचा आग्रह त्याचाच होता. 1888 मध्ये पाइन रिजला ती सुरू झाली. कागद वाचता येत नव्हता म्हणून काय झालं ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? 1890 मध्ये वूंडेड नीला सैन्याने लकोटांचं हत्याकांड केलं, त्यानंतर घाबरून पळालेल्या माणसांबरोबर त्या म्हाताऱ्यालाही जावं लागलं, मग तो परत आला. 10 डिसेंबर 1909 रोजी तो पाइन रिजलाच वारला.

हाती काय लागलं, हे विचारलं आहे. आजचं उत्तर त्या 1868 च्या कागदात आहे. किल्ले जळाले नसते तर तो तह त्या अटींवर झाला नसता. त्यातलं बारावं कलम नसतं तर कोर्टात जायला आधार नसता. लकोटांनी 1920 च्या दशकापासून खटला चालवला. 30 जून 1980 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं की 1877 चा कायदा म्हणजे जमीन काढून घेणं होतं आणि त्याची योग्य भरपाई द्यायला हवी होती. तेव्हाची किंमत सुमारे एक कोटी 71 लाख डॉलर आणि 1877 पासूनचं पाच टक्के व्याज धरून रक्कम दहा कोटींच्या वर गेली. त्याआधी खालच्या न्यायालयाने या प्रकरणाबद्दल लिहिलं होतं की आपल्या इतिहासात याहून अप्रामाणिक व्यवहार बहुधा सापडणार नाही. लकोटा जमातींनी पैसे घेतले नाहीत. ती रक्कम सरकारी खात्यात वाढत वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांत पाइन रिजची गणना होते आणि तिथल्या लोकांना या पैशाची गरज नाही असं कोणी म्हणणार नाही. पण पैसे उचलले तर विक्री झाली असा अर्थ निघेल, आणि आम्ही डोंगर कधी विकलेच नाहीत, हे त्यांचं म्हणणं आहे. मागणी अजून जमिनीचीच आहे.